कंपास टेकवायचा कुठे?

गेल्या रविवारी दुपारी माझी पुतणी ड्रॉइंगचा मोठा कागद गुंडाळून माझ्याकडे आली. ती नववीत आहे आणि यंदा इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेला बसणार आहे. तिच्या मनात संकल्पचित्राची एक कल्पना होती : येवल्याच्या पैठणीच्या नारळी काठासारखे त्रिकोणी आकार कागदाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपे जावेत, आणि प्रत्येक आकार पहिल्याची हुबेहूब प्रत असावी. पहिला त्रिकोण तिने सुरेख काढला होता. पुढचा त्रिकोण किती आणि कोणत्या दिशेला सरकायला हवा, हे दाखवणारा एक बारीक बाणही शेजारी काढून ठेवला होता. तिथेच ती अडली होती.

तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, सांगितले होते की गुण्या पट्टीला टेकवून सरकवला की काम होते. तसे होतेही. पण तिच्या गुण्याची कड दोन ठिकाणी उडालेली होती, आणि सरकवताना पट्टी केसभर हलली की पुढचा सगळा काठ वाकडा जातो, हे तिने दोन कागद वाया घालवून पाहिले होते. म्हणून तिने हे काम कंपासने करायचे ठरवले आणि मला जो प्रश्न विचारला, तो मी अठ्ठावीस वर्षे भूमिती शिकवूनही या शब्दांत कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "आत्या, आकार फिरवायचा असला तर मी मधल्या बिंदूवर कंपास टेकवते. आरशातल्यासारखा उलटा करायचा असला तर मधल्या रेषेवर टेकवते. पण नुसता सरकवायचा असला तर कंपास टेकवायचा कुठे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण स्थानांतरणाचे, म्हणजे आकृती न फिरवता नुसती सरकवण्याचे, सगळे मर्म त्यात आहे. कागदावरची आकृती एखाद्या बिंदूभोवती फिरवली, तर तो बिंदू जागचा हलत नाही. एखाद्या रेषेत तिचे परावर्तन केले, तर त्या रेषेवरचे सगळेच बिंदू जागच्या जागी राहतात. कंपासचे टोक रोवायला या दोन्ही ठिकाणी हक्काची जागा मिळते. स्थानांतरणात मात्र कागदावरचा एकूण एक बिंदू हलतो, सारख्याच अंतराने आणि एकाच दिशेने, आणि स्थिर असा एकही बिंदू मागे उरत नाही. देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर गुरुजींची ६१७४ ही संख्या बहुतेक नाशिककरांनी ऐकलेली असते. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा केली, म्हणजे ७६४१ मधून १४६७ वजा केले, की पुन्हा ६१७४ च हाती येते. ती क्रिया त्या संख्येला हलवू शकत नाही. गणितात अशी न हलणारी जागा सापडली की पुष्कळ गोष्टी तिच्या आधाराने उलगडत जातात. स्थानांतरण हा आधार देत नाही, आणि कंपास तर केंद्राशिवाय एक पाऊलही टाकू शकत नाही. मग हे काम कंपासकडून करून घ्यायचे कसे, असा तो पेच आहे.

पुढे मी बिंदूंना अ, ब, क अशीच नावे देते. माझ्या वडिलांच्या जुन्या भूमितीच्या पुस्तकात आकृत्यांवर हीच अक्षरे होती आणि मला ती अजून आपली वाटतात. बाण प पासून फ पर्यंत आहे असे समजू. पुतणीच्या त्रिकोणाचा एक शिरोबिंदू अ आहे. त्याची नवी जागा त शोधायची आहे, ती अशी की अ पासून त पर्यंतचा प्रवास प पासून फ पर्यंतच्या प्रवासासारखाच असावा, लांबीनेही आणि दिशेनेही.

कंपासमध्ये प ते फ हे अंतर घ्यावे, टोक अ वर टेकवावे आणि नवा बिंदू जिकडे अपेक्षित आहे तिकडे एक कंस काढावा. नंतर कंपासमध्ये प ते अ हे अंतर घ्यावे, टोक फ वर टेकवावे आणि पहिल्या कंसाला छेदणारा दुसरा कंस काढावा. छेदनबिंदू म्हणजे त. यात पट्टी लागलीच नाही, हे पुतणीच्या लगेच लक्षात आले. तिच्या प्रश्नाचे उत्तरही इथे मिळते : स्थानांतरणाचे स्वतःचे केंद्र नसले, तरी प्रत्येक बिंदूपुरती दोन उसनी केंद्रे घेता येतात, एक म्हणजे तो बिंदू स्वतः आणि दुसरे म्हणजे बाणाचे टोक.

तिने अ साठी हे केले, मग ब साठी, मग क साठी. तिन्ही नवे बिंदू जोडले तेव्हा त्रिकोण विचित्रच निघाला. अ आणि ब बरोबर जागी गेले होते, क मात्र भलतीकडे पडला होता. मी तिला कंस पुसू नकोस म्हणाले आणि आम्ही दोघींनी ते बारकाईने पाहिले. कंपासच्या टोकाने कागदाला पाडलेली बारीक भोके बरोबर जागी होती, त्रिज्याही बरोबर होत्या. चूक छेदनबिंदूच्या निवडीत होती. दोन वर्तुळे सामान्यतः दोन ठिकाणी छेदतात. क च्या वेळी तिने कंस लांबलचक काढले होते, त्यामुळे दोन्ही छेदनबिंदू कागदावर उमटले होते आणि त्यांतला नको तो तिने उचलला होता.

नेमका कोणता घ्यायचा याचा नियम सोपा आहे, पण तो कोणी सांगत नाही असा माझा अनुभव आहे. अ आणि फ यांना जोडणारी रेषा मनात आणावी. प तिच्या ज्या बाजूला आहे, त्याच्या विरुद्ध बाजूचा छेदनबिंदू घ्यावा. मग प, फ, त, अ हे चार बिंदू त्या क्रमाने समांतरभुज चौकोन करतात आणि अफ हा त्याचा कर्ण होतो. प च्या बाजूचा छेदनबिंदू घेतला तर लांब्या सगळ्या जुळतात, पण दिशा हुकते. तो बिंदू म्हणजे अफ च्या लंबदुभाजकात पडलेले प चे प्रतिबिंब असते. पुतणीने नेमका तोच उचलला होता, म्हणजे क चे स्थानांतरण करताना नकळत प चे परावर्तन केले होते.

आता हे बरोबर का, ते पाहू. त्रिकोण अफत आणि त्रिकोण फअप यांत अफ ही बाजू सामाईक आहे, अत ही फप एवढी घेतली आहे आणि फत ही अप एवढी. बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप होतात, म्हणून कोन तअफ आणि कोन पफअ समान होतात. त आणि प हे अफ च्या विरुद्ध बाजूंना असल्यामुळे हे कोन व्युत्क्रम कोन आहेत, आणि व्युत्क्रम कोन समान असले की रेषा समांतर असतात. म्हणजे अत आणि पफ समान तर आहेतच, समांतरही आहेत. छेदनबिंदूची बाजू निवडण्याचे महत्त्व सिद्धतेत अगदी याच जागी कळते. बाजू चुकली की ते कोन व्युत्क्रम राहत नाहीत आणि पुढचे वाक्य लिहिताच येत नाही.

इथपर्यंतचे सगळे शाळेत येते. मला जे अधिक आवडते ते याच्या पुढचे आहे. आपण अ, ब, क हे तिन्ही बिंदू स्वतंत्रपणे सरकवले आणि ते त, थ, द या जागी गेले. नवा त्रिकोण जुन्याशी एकरूप असेल याची हमी कोण देतो? आपण तर एकेक शिरोबिंदू नेला, बाजू नेल्याच नाहीत. हमी अशी मिळते : अत ही पफ ला समान आणि समांतर आहे, बथ हीही पफ ला समान आणि समांतर आहे, म्हणून अत आणि बथ एकमेकींना समान आणि समांतर आहेत, म्हणून अ, ब, थ, त हा समांतरभुज चौकोन आहे आणि तथ ही अब एवढीच आहे. उरलेल्या दोन बाजूंचेही तसेच, आणि पुन्हा बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप होतात.

या साखळीतली एक कडी दिसायला साधी आहे, पण सगळा भार तिच्यावर आहे : एकाच रेषेला समांतर असलेल्या दोन रेषा एकमेकींना समांतर असतात. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातले हे तिसावे विधान आहे, आणि ते त्याच्या पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध होत नाही. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, असे आपण शाळेत पाठ करतो, तेच हे गृहीतक थोड्या वेगळ्या शब्दांत. सपाट कागदावर ते चालते. पुतणीला मी एक चेंडू आणि खडू दिला. चेंडूच्या मध्यावरच्या वर्तुळावर, म्हणजे त्याच्या विषुववृत्तावर, वर ध्रुवाकडे तोंड केलेला एक बाण काढायला सांगितला. तो बाण न फिरवता सरळ ध्रुवापर्यंत न्यायचा, तिथून काटकोनातल्या दुसऱ्या रेखावृत्ताने खाली विषुववृत्तावर आणायचा आणि विषुववृत्तावरूनच मूळ जागी परत आणायचा. बाण कुठेही वळवला नाही, तरी परतल्यावर तो काटकोनात फिरलेला असतो. चेंडूवर 'नुसते सरकवणे' असे काही उरत नाही. तिने तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा बाण आडवाच आला.

आता एक अडचण, जी प्रत्यक्ष कागदावर बसल्याशिवाय कळत नाही. सरकवायचा बिंदू अ जर पफ याच रेषेवर असेल, तर समांतरभुज चौकोन चपटा होऊन रेषेतच मिटतो. दोन्ही कंस एकमेकांना छेदत नाहीत, नुसते स्पर्श करतात, आणि पेन्सिलीने काढलेल्या दोन कंसांचा स्पर्शबिंदू नेमका कुठे आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. त्या वेळी सरळ पट्टी घ्यावी, पफ वाढवावी आणि कंपासमध्ये प ते फ अंतर घेऊन अ पासून बाणाच्या दिशेला खूण करावी. एवढेच पुरते.

अ रेषेवर नसून तिच्या अगदी जवळ असला तर त्रास जास्त. मग कंस छेदतात, पण फार लहान कोनात छेदतात. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या दोन रेघा काटकोनात छेदल्या, तर छेदनाचा ठिपका अर्धा मिलिमीटर बाजूचा चौरस असतो. त्याच रेघा ३० अंशांत छेदल्या तर ठिपक्याची बाजू एक मिलिमीटर होते, आणि १० अंशांत छेदल्या तर जवळजवळ तीन मिलिमीटर. काठाच्या बारीक नक्षीत तीन मिलिमीटर म्हणजे फार. अशा बिंदूसाठी मी तिला दुसरी वाट दाखवली. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, तेव्हा अ आणि फ जोडून त्या रेषाखंडाचा मध्यबिंदू म काढावा, प पासून म मधून जाणारी रेषा पुढे वाढवावी आणि मप एवढेच अंतर म च्या पलीकडे घ्यावे. तिथे त मिळतो. यात कोणता छेदनबिंदू घ्यायचा हा प्रश्नच राहत नाही. पट्टी मात्र लागते, आणि मध्यबिंदू काढायला दोन जास्तीचे कंस लागतात. म आणि प अगदी जवळ आले तर त्या रेषेची दिशाही नीट ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. सर्व ठिकाणी उत्तम अशी एक रचना नाही. आकृती पाहून निवड करावी लागते, आणि ही निवड करता येणे हेच मला रचनेतले खरे कौशल्य वाटते.

आपण इतका वेळ एक गोष्ट बिनदिक्कत गृहीत धरली आहे : कंपासमध्ये प ते फ अंतर घेतले, कंपास उचलला आणि ते अंतर जसेच्या तसे अ पाशी नेले. इसवी सन पूर्व ३०० च्या सुमाराचा युक्लिड स्वतःला एवढी मोकळीक देत नाही. त्याच्या गृहीतकांत फक्त एवढेच आहे की दिलेल्या केंद्रातून, दिलेल्या बिंदूतून जाणारे वर्तुळ काढता येते. कागदावरून उचलताच मिटणारा कंपास असावा, तसे हे आहे. म्हणून एखादी लांबी दुसऱ्या बिंदूपाशी नेता येते हे त्याला सिद्ध करावे लागते, आणि ते त्याने पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच विधानात केले आहे. पहिल्या विधानात समभुज त्रिकोण काढला, आणि दुसऱ्यात त्याच त्रिकोणाच्या बाजू वाढवून लांबी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवली. तिथे पोचलेला रेषाखंड लांबीने बरोबर असतो, पण त्याची दिशा त्या समभुज त्रिकोणाच्या मर्जीवर असते. दिशा सांभाळायला समांतर रेषा काढावी लागते, आणि ती एकतिसाव्या विधानापर्यंत येत नाही. म्हणजे आपण दोन कंसांत जे उरकतो, त्याचे दोन भाग युक्लिडच्या मांडणीत एकमेकांपासून इतके दूर आहेत. याच ग्रंथाचे संस्कृत रूप, 'रेखागणित', अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी अरबीवरून सिद्ध केले.

मिटणाऱ्या कंपासनेही लांबी नेण्याची एक देखणी रीत आहे आणि तिला पट्टी लागत नाही. अ केंद्र धरून प मधून जाणारे आणि प केंद्र धरून अ मधून जाणारे, अशी दोन वर्तुळे काढावीत. ती ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्या प्रत्येकाला केंद्र मानून फ मधून जाणारे एकेक वर्तुळ काढावे. ही दोन वर्तुळे फ शिवाय आणखी एका बिंदूत छेदतात, आणि त्या बिंदूचे अ पासूनचे अंतर बरोबर पफ एवढे असते, कारण तो बिंदू म्हणजे अप च्या लंबदुभाजकात पडलेले फ चे प्रतिबिंब असते. कंपास उघडा राहील या भरवशाची गरज तेवढ्याने संपते. पट्टी आणि कंपासने जे बिंदू मिळतात ते सगळे एकट्या कंपासनेही मिळवता येतात, हे डेन्मार्कच्या जॉर्ज मोहर यांनी १६७२ मध्ये आणि त्यांच्याशी काही संबंध नसताना इटलीच्या लोरेन्झो मास्केरोनी यांनी १७९७ मध्ये दाखवले. उलट, नुसत्या पट्टीने स्थानांतरण होत नाही. मात्र केंद्रासह एक वर्तुळ कागदावर आधीच काढून दिले, की पुढचे सगळे एकट्या पट्टीने जमते, हे याकोब श्टायनर यांनी १८३३ मध्ये सिद्ध केले.

पुतणीच्या कंपासचा स्क्रू ढिला होता. काही महिन्यांपूर्वीच घेतलेल्या कंपासपेटीतला हा कंपास दोन कंसांतच एक मिलिमीटर उघडत होता, आणि अशा वेळी मिटणाऱ्या कंपासची ती रीत पुस्तकापुरती नाही हे तिला पटले. तरी रोजच्या कामाला मी तिला माझा जुना पितळी कंपास दिला.

आता काठाकडे. तिला आठ प्रती हव्या होत्या. तिने पहिल्या त्रिकोणावरून दुसरा काढला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि असेच पुढे. पाचव्या प्रतीपाशी काठ वाकडा होत चालल्याचे नजरेला दिसू लागले. हे माझ्या भावाच्या द्राक्षबागेत मी एकदा फार महाग पडलेले पाहिले आहे. दिंडोरी तालुक्यातल्या त्याच्या जमिनीत नव्या बागेची आखणी चालू होती. दोन ओळींतले अंतर ९ फूट ठरलेले होते. आखणी करणारी माणसे एका ओळीच्या खुंट्यांवरून पुढच्या ओळीच्या खुंट्या ठोकत होती, आणि टेप खुंटीच्या मध्यापासून न धरता तिच्या पलीकडच्या कडेपासून धरत होती, तर नवी खुंटी खुणेच्या पुढे ठोकत होती. बांबूची खुंटी इंचभर जाड. दर ओळीला एक इंच वाढला, आणि चाळीस अंतरांत मिळून ४० इंच, म्हणजे ३ फूट ४ इंच. बांधाच्या कडेला ट्रॅक्टर वळायला जी जागा सोडायची होती, ती शेवटच्या ओळीने खाल्ली. फक्की सगळी मारून झाली होती. शेवटच्या अकरा ओळी उपटून पुन्हा ठोकाव्या लागल्या.

त्यानंतर भावाने रीत बदलली. आता तो आधी पहिली ओळ आणि अगदी शेवटची ओळ पक्की करतो, त्यांच्यातले पूर्ण अंतर, ३६० फूट, एकदाच मोजतो, मग बरोबर मधली ओळ, मग त्या दोन भागांच्या मधल्या ओळी, असे करत आत येतो. चूक होतेच, पण ती दोन पक्क्या ओळींच्या मध्ये अडकून राहते, साचत नाही. पुतणीच्या काठाला आठ अंतरे होती, आणि आठ ही संख्या याला फारच सोयीची : एकूण अंतर दुभागावे, पुन्हा दुभागावे, पुन्हा दुभागावे, आठ समान भाग मिळतात, आणि दुभागणे हे कंपास आणि पट्टीचे सर्वांत भरवशाचे काम आहे. मग प्रत्येक प्रत पहिल्याच त्रिकोणावरून काढायची, बाण फक्त लांब होत जातो.

बागेतल्या ओळीतला एकेक खांबही याच दोन कंसांनी ठरतो. पहिल्या ओळीतला आरंभीचा खांब म्हणजे प, दुसऱ्या ओळीतला आरंभीचा खांब म्हणजे फ, आणि पहिल्या ओळीतला पुढचा खांब म्हणजे अ. एक माणूस अ पासून ९ फुटांची तार ताणून धरतो, दुसरा फ पासून ५ फुटांची, आणि दोन्ही टोके जिथे एकत्र येतात तिथे खुंटी बसते. तार धरायची, नायलॉनची दोरी नाही, कारण दोरी ताणली जाते. यज्ञवेदी आखताना रज्जू आणि शंकू, म्हणजे दोरी आणि खुंटी, वापरणाऱ्या बौधायनादी शुल्बसूत्रकारांकडेही हीच दोन साधने होती. शुल्ब म्हणजेच दोरी. ती ताणली की रेषा होते आणि एक टोक रोवून फिरवली की वर्तुळ होते.

स्थानांतरणाने सुटणारे जे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे, ते आम्हा नाशिककरांसाठी घरचेच आहे. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेच्या एका काठाला पंचवटीत एक घर आहे, दुसऱ्या काठाला जुन्या नाशकात दुसरे. दोन्ही काठ सरळ आणि समांतर आहेत असे क्षणभर मानू, आणि पूल काठांना लंबच बांधायचा आहे. पूल कुठे बांधला तर एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतची वाट सर्वांत आखूड होईल?

थेट रेषा काढून उपयोग नाही, कारण ती नदी तिरपी ओलांडते. पण पूल कुठेही बांधला तरी त्याची लांबी नदीच्या रुंदीएवढीच आणि दिशा काठांना लंबच राहणार. म्हणजे तेवढा प्रवास ठरलेलाच आहे, तो आधीच करून टाकू. पंचवटीतल्या घराचा बिंदू अ नदीच्या दिशेने नदीच्या रुंदीएवढा सरकवून त या जागी नेऊ. आता त आणि दुसरे घर ब हे सरळ पट्टीने जोडावे. ही रेषा ब च्या बाजूचा काठ जिथे छेदते, तिथे पुलाचे एक टोक. तिथून काठाला लंब टाकून पलीकडे गेले की दुसरे टोक. कोणत्याही दुसऱ्या जागी पूल घेतला तर त पासून ब पर्यंतची वाट मोडकी होते, आणि मोडकी वाट सरळ वाटेपेक्षा लांबच असते. पुतणीने ही आकृती काढताना अ पासून काठांवर लंब टाकला आणि थबकली. दोन्ही काठांवरचे लंबपाद आणि अ एकाच रेषेवर आले होते, म्हणजे मघाचा तोच चपटा समांतरभुज चौकोन. तिने कंस काढण्याचा नाद केला नाही. दोन लंबपादांमधले अंतर कंपासमध्ये घेतले आणि अ पासून त्याच लंबावर सरळ खूण केली.

संध्याकाळी ती पुन्हा तिच्या काठाकडे वळली. त्रिकोणांच्या मध्ये तिला एकेक गोल बुट्टी बसवायची होती, आणि वर्तुळाचे किती बिंदू सरकवावे लागतील असे तिने विचारले. वर्तुळ जागा बदलते तेव्हा त्याची त्रिज्या बदलत नाही, म्हणून त्याचे केंद्र तेवढे सरकवायचे. हे सांगितल्यावर तिने आठही केंद्रे कंसांनी ठरवली, कंपास बुट्टीच्या त्रिज्येएवढा उघडला, स्क्रू घट्ट आवळला आणि एकदाही तो न हलवता आठ वर्तुळे काढली. नवव्यांदा तिने टोक मूळ बुट्टीच्या भोकात टेकवले आणि शिसे जुन्या रेघेवरून फिरवून पाहिले. रेघ दुहेरी झाली नाही.